कायदा कुठवर आला?

गणपती विसर्जनानंतर गावी गेले, तेव्हा ओट्यावर आमच्या आमदारांचा कार्यअहवाल पडला होता. गुळगुळीत कागद, ६४ पानं, पानोपानी रंगीत फोटो. भूमिपूजनं, लोकार्पणं, हायमास्ट दिवे, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीची संरक्षक भिंत, तालमीचं साहित्य. प्रत्येक कामाखाली गावाचं नाव आणि मंजूर रक्कम. मी तो दोनदा चाळला. मला एवढंच पाहायचं होतं की वर्षभरात विधिमंडळाची जी अधिवेशनं झाली, त्यांत कोणती विधेयकं आली आणि त्यांवर आमच्या प्रतिनिधीने काय भूमिका घेतली. ‘विधेयक’ हा शब्द ६४ पानांत कुठेच नव्हता. ‘कायदा’ एकदा सापडला, पोलीस ठाण्यातल्या बैठकीच्या फोटोखाली: ‘कायदा व सुव्यवस्थेचा आढावा घेताना’.

हे आमदार काम करत नाहीत असं नाही. रात्री दीड वाजता दवाखान्यात खाट मिळत नसली, तर लोक त्यांनाच फोन करतात आणि ते उचलतात. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात, त्यातून अहवालातली बरीच कामं झाली असणार. लोकही त्यांना भेटले की रस्त्याचं, रोहित्राचं, तलाठ्याकडे अडलेल्या फेरफाराचंच विचारतात. पण रस्ता सरपंचही मागू शकतो, जिल्हा परिषदेचा सदस्यही मागू शकतो. राज्याचा कायदा करण्याचा, तो अडवण्याचा, त्यातलं एखादं कलम बदलून घेण्याचा अधिकार मात्र विधानसभेतल्या २८८ आणि विधान परिषदेतल्या ७८ जणांकडेच आहे. आपण त्यांना तेवढ्यासाठी निवडतो, आणि नेमका त्याचाच हिशेब आपल्यापर्यंत येत नाही.

वडील निवृत्त शिक्षक. त्यांच्या आठवणीत सत्तरच्या दशकातले एक आमदार आहेत. अधिवेशन आटोपलं की ते एसटीने यायचे, बाजाराच्या दिवशी पंचायतीच्या ओट्यावर बसायचे आणि मुंबईत काय झालं ते सांगायचे. कोणतं बिल आलं, कोण काय बोललं, काय राहिलं. रोजगार हमीचा कायदा झाल्याचं वडिलांनी आधी तिथं ऐकलं आणि मग वर्तमानपत्रात वाचलं. त्या आमदारांना अहवाल छापायची ऐपत नव्हती. ओट्यावरच्या त्या बैठकीलाच लोक अहवाल मानत.

रोजगार हमीची गोष्ट इथं थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती एका गावातून सुरू होऊन विधिमंडळात पोहोचली. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. गावातल्या भूमिहीनाला शेतीचा हंगाम संपल्यावर हाताला काम नसतं, हे त्यांनी गावात पाहिलं होतं. मागेल त्याला काम देता येईल का, याचा प्रयोग साठच्या दशकात त्यांच्याच भागात झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकणाऱ्या बायाबापड्यांची ती चित्रं आपल्या आईवडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहेत.

योजना चालू होती, मग कायदा कशाला हवा होता? माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म इथं आहे. तोवर काम मिळत होतं ते शासनाच्या आदेशावर. शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, एका टेबलावर निघतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावरून रद्दही होऊ शकतो. विधिमंडळाने केलेला कायदा रद्द करायचा तर पुन्हा सभागृहातच यावं लागतं, लोकांसमोर कारण सांगावं लागतं. योजनेला हक्काचा पैसा मिळावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून आजही कापला जातो तोच हा कर. त्यानंतर १९७७चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम आला. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. कामाची मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता देणं सरकारवर बंधनकारक झालं. विधिमंडळाची रोजगार हमी समिती जिल्ह्यात आली की अधिकाऱ्यांची धावपळ उडते, ती याच कायद्याच्या पोटी. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राची तीन दशकांची वाट समोर होती.

आता विधेयक नावाचा कागद हातात घेऊन बघू. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकं मराठीत मिळतात, आणि माझा अनुभव असा की ती वाटतात तितकी दुर्बोध नसतात. आधी कलमं वाचायला गेलं की माणूस थकतो. शेवटाकडून सुरुवात करावी. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. हा कायदा का आणला, हे मंत्री आपल्या सहीने त्यात साध्या गद्यात सांगतात. त्याच्या आसपास वित्तीय ज्ञापन असतं, म्हणजे तिजोरीवर किती भार पडेल ते. आणखी एक ज्ञापन असतं, त्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: वैधानिक अधिकार सोपवण्याबाबतचं. कायद्यातल्या कोणत्या गोष्टी सभागृह स्वतः न ठरवता पुढे नियम करण्यासाठी सरकारवर सोडून देत आहे, याची ती कबुली असते. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ असं कलमात दिसलं की समजावं, खरी बाब नियमांत येणार आहे, आणि ते नियम मंत्रालयात लिहिले जातील.

मंत्री विधेयक पुरःस्थापित करतात. मग ते विचारात घेण्याचा प्रस्ताव येतो, चर्चा होते, कलमं एकेक करून मताला टाकली जातात, दुरुस्त्या सुचवल्या जातात, आणि शेवटी विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव. एका सभागृहातून दुसऱ्यात, तिथून राज्यपालांकडे, काही वेळा पुढे राष्ट्रपतींकडे. सही झाली की राजपत्रात. कागदावर हा प्रवास शांत आणि सरळ दिसतो. प्रत्यक्षात कधी एका दिवसात सगळं उरकतं, तर कधी एक पिढी जाते.

२९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा आरक्षणाचं विधेयक एकाच दिवसात दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केलं. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द ठरवला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात १० टक्क्यांचं नवं विधेयक आलं आणि तेही त्याच दिवशी संमत झालं. मागणीच्या बऱ्यावाईटाबद्दल मी इथं बोलत नाही. पण ज्या कायद्यावर हजारो मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या टांगलेल्या असतात, त्याचं एकेक कलम सभागृहात वाचलं जावं, त्यावर प्रश्न विचारले जावेत, ही अपेक्षा त्या मुलांच्याच बाजूची आहे.

दुसऱ्या टोकाला जादूटोणाविरोधी कायदा. १९९५च्या जुलैमध्ये विधान परिषदेत पी. जी. दस्तुरकर यांनी असा कायदा व्हावा म्हणून अशासकीय ठराव मांडला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी त्यानंतर वर्षानुवर्षं मसुदे करत राहिले, मंत्र्यांना भेटत राहिले, अधिवेशनामागून अधिवेशनं वाट पाहत राहिले. २००५च्या डिसेंबरमध्ये विधानसभेने विधेयक संमत केलं. परिषदेत ते अडलं आणि अडूनच राहिलं. राज्यघटनेच्या १९६व्या अनुच्छेदाप्रमाणे, विधानसभेने संमत केलेलं पण परिषदेत प्रलंबित असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं. २००९ साली तेच झालं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या काळात गावोगाव काय सांगितलं जात होतं, ते मला आठवतं. सत्यनारायण बंद होणार. वारीला जायला परवानगी लागणार. घरात देव्हारा ठेवला तर पोलीस येणार. आमच्या आत्याने भीत भीत मला विचारलं होतं की नवरात्रात घट बसवता येतील ना. विधेयकात यातलं काहीही नव्हतं. होतं ते नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणी केल्याचा आळ घालून बाईला वाळीत टाकणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखणं, असलं काही. पण विधेयक हातात घेऊन आमच्या पंचायतीच्या ओट्यावर कोणी आलं नाही. मतं जातील ही भीती दोन्ही बाजूंच्या आमदारांना होती, म्हणून दोन्ही बाजूंचे गप्प राहिले, आणि रिकाम्या जागेत अफवा शिरली. प्रतिनिधीने सांगितलं नाही तर लोकांना काही कळतच नाही असं होत नाही, त्यांना खोटं कळतं. आमची आत्या काही अंधश्रद्धेची कैवारी नव्हती. तिला कोणी खरं सांगितलं नव्हतं, एवढंच.

२० ऑगस्ट २०१३. पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांवर ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. अठरा वर्षं ज्याला मुहूर्त मिळत नव्हता तो अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला. अध्यादेशाचं आयुष्य सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांचं असतं, त्यामुळे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक आणावंच लागलं. सामाजिक न्यायमंत्री शिवाजीराव मोघे यांनी ते मांडलं. १३ डिसेंबरला विधानसभेत आणि १८ डिसेंबरला परिषदेत ते संमत झालं. कायद्याच्या अनुसूचीत १२ प्रथा मोजून लिहिल्या आहेत. आणि यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं सांगणारं वेगळं कलमही त्यात आहे. ते कलम मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग एवढी वर्षं भांडण कशाचं होतं? मला उत्तर देता आलं नाही. एका माणसाचा जीव गेला होता.

सभागृहाच्या दारातून बाहेर पडलेलं विधेयकही वाटेत हरवू शकतं. महिलांवरील अत्याचारांसाठीचं ‘शक्ती’ विधेयक २०२०च्या डिसेंबरमध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं, वर्षभर त्यावर काम झालं, २०२१च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केलं. त्यात भारतीय दंड संहितेत आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत राज्यापुरते बदल होते, म्हणून ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं. संमती येईना. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या दंड संहितेत बदल करायचा होता तीच मागे पडली. २०२१ साली या विधेयकाचे अभिनंदनाचे फलक आमच्या तालुक्याच्या चौकातही लागले होते. पुढे त्याचं काय झालं, हे सांगणारा फलक कोणी लावला नाही. चौकातून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलींपैकी कितीजणींना अजूनही वाटत असेल की तो कायदा लागू आहे?

गेल्या दोन वर्षांत ज्याच्या प्रवासाकडे मी सर्वांत जास्त लक्ष ठेवलं ते विशेष जनसुरक्षा विधेयक. ११ जुलै २०२४ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या अखेरीस ते आलं. निवडणुका झाल्या, विधानसभा बदलली, तेव्हा १८ डिसेंबर २०२४ला नागपुरात ते नव्याने मांडावं लागलं. सरकारचं म्हणणं, शहरांत पसरणाऱ्या नक्षलवादाला आळा घालायला पुरेसा कायदा नाही. विरोधकांचं आणि अनेक संघटनांचं म्हणणं, केंद्राचा कडक कायदा असताना याचा वापर सरकारवर टीका करणाऱ्यांवर होईल. या वेळी घाई न करता ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीप्रमुख, सदस्य २५, सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही. लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या आणि १२ हजारांहून जास्त आल्या.

या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. माणसाने विधेयक मिळवायचं, वाचायचं, आपलं म्हणणं लिहायचं, पाठवायचं. कुठली सभा नाही, मोर्चा नाही. हे १२ हजारांहून जास्त वेळा घडलं. आपल्या लोकांना कायद्यात रस नाही, ते फक्त रस्ते आणि गटारं विचारतात, असं आमदारांच्या कार्यालयांत सर्रास ऐकू येतं. ते खरं असतं तर या सूचना आल्या नसत्या.

समितीतून बाहेर पडताना विधेयक बदललेलं होतं. आधी त्यात व्यक्ती आणि संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांची मोघम भाषा होती, तिथं कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटना असा उल्लेख आला. सल्लागार मंडळाची रचना बदलली. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. विरोध करणाऱ्यांचं यातून समाधान झालं नाही. ‘तत्सम’ या एका शब्दात कोण कोण बसवलं जाईल ही त्यांची शंका राहिली, आणि मलाही ती रास्त वाटते. तरीही समितीत जाऊन विधेयक आलं तसंच बाहेर आलं नाही, हे खरं. उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक यांत काय फरक असतो, हे ज्याच्या दारात कधी पोलीस गेले आहेत त्याला विचारावं.

१० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते संमत केलं, दुसऱ्या दिवशी परिषदेने. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. विधानसभेत डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. मतदान झालं ते आवाजी.

ज्यांनी सभागृह पाहिलेलं नाही त्यांना आवाजी मतदान सांगायला हवं. अध्यक्ष प्रस्ताव वाचतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. दोन आवाज उठतात. अध्यक्ष ऐकतात आणि होयचं बहुमत असल्याचं जाहीर करतात. संपलं. प्रेक्षक सज्जातून मी हे पाहिलं आहे. बाकं अर्धी रिकामी, काही जण लक्षवेधी आटोपून बाहेर पडलेले, काही शेजाऱ्याशी बोलताहेत, आणि एका श्वासात कायदा होतो. कुणी ‘पोल’ मागितला तर नावनिशी मतं मोजावी लागतात, पण विधेयकांवर पोल फार क्वचित मागितला जातो. सरकारच राहणार की जाणार असा प्रश्न असला की मात्र शिरगणती होते: ४ जुलै २०२२च्या विश्वासदर्शक ठरावाला एकेक सदस्य उभा करून मोजला, १६४ विरुद्ध ९९, आणि ते आकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ झाले. कायदा करताना मात्र आपला प्रतिनिधी कोणत्या बाजूला होता याची नोंदच राहत नाही.

पक्षादेश असतो, हे मला माहीत आहे. १९८५च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते, हेही खरं. मग मत ठरलेलंच असेल तर सांगायचं काय? माझं उत्तर साधं आहे. मत पक्षाचं असलं तरी प्रश्न आमदाराचे असू शकतात. समितीत दुरुस्ती सुचवता येते. ‘विहित’ या शब्दावर मंत्र्यांना धरता येतं. आमच्या तालुक्यात या कलमाचा काय परिणाम होईल, हे मुंबईतल्या अधिकाऱ्याला माहीत नसतं, ते तालुक्यातून गेलेल्या माणसालाच ठाऊक असतं. आणि पक्षासाठी हात वर केला असेल तर तेही गावात येऊन सांगता येतं. आमचे लोक समजूतदार आहेत. घरात भाऊबंदकी सांभाळत जगणाऱ्याला पक्षाची अडचण कळते.

जुलैचं अधिवेशन संपल्यावर मी एक काम केलं होतं. त्या तीन आठवड्यांत संमत झालेल्या विधेयकांपैकी आमच्या गावाशी संबंध येईल अशी निवडली, एका पानावर साध्या मराठीत प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहिल्या. काय बदलतं, कोणाला लागू, आता कोणत्या टप्प्यावर. जनसुरक्षा विधेयक सर्वांत वर. ते पान गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. तिथं एरवी वाढदिवस, दहाव्याचे निरोप आणि पाऊस किती पडला एवढंच येतं. वाटलं होतं, कोणी वाचणार नाही.

पहिला प्रश्न रात्री साडेनऊला आला, अंगणवाडीताईंचा. हे राज्यपालांच्या सहीनंतर लगेच लागू होतं का? मग सोसायटीच्या सचिवांचा, मग पुण्याला कंपनीत काम करणाऱ्या एका मुलाचा. मी उत्तरं देत गेले, जिथं मला कळत नव्हतं तिथं मूळ विधेयकाचं पान पाठवत गेले. अकरा वाजता वडिलांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलं, ताई, सगळं समजलं, फक्त एक राहिलं. आपले आमदार होय म्हणाले की नाही म्हणाले?

मी कार्यवाही शोधली. बोललेल्या सदस्यांची भाषणं त्यात असतात, पण आमच्या आमदारांचं त्या विधेयकावर भाषण नव्हतं. मतदान आवाजी, म्हणजे नावांची यादी नाही. ते त्या दिवशी सभागृहात होते का, बसून राहिले, बोलले, गप्प राहिले, काही कळायला मार्ग नव्हता.

कार्यअहवाल ओट्यावर पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला त्यांच्या संपर्क कार्यालयात गेले. आमदारसाहेब दौऱ्यावर होते. बाहेर वीसेक माणसं रांगेत, कोणाच्या हातात शिधापत्रिका, कोणाच्या हातात वीजबिल. माझा नंबर आल्यावर स्वीय सहायकांनी काम कसलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आधी पुन्हा विचारलं, मग खुर्ची दिली आणि म्हणाले, असं कोणी अजून विचारायला आलं नव्हतं. लेखी द्या. मी तिथंच कागद मागून लिहिलं: विधानसभेत १० जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर आपली भूमिका काय होती आणि आपण मत कोणत्या बाजूने दिलं, ते कृपया कळवावं. खाली सही, गावाचं नाव, गटातल्या आणखी अकरा जणांची नावं, त्यांच्या परवानगीने.

त्यांनी कागदावर शिक्का मारला, वहीत आवक क्रमांक टाकला आणि पोच माझ्या हातात दिली. परतीच्या एसटीत बसल्यावर मी पोचचा फोटो गटावर टाकला. अंगणवाडीताईंनी लगेच विचारलं, हिवाळी अधिवेशन कधीपासून आहे?